लिंबूटिंबूची जागा

शनिवारची सकाळ होती. रात्रभराचा पाऊस नुकताच थांबला होता आणि सिॲटलजवळच्या रेडमंडमधल्या त्या मैदानावरच्या गवतातलं पाणी माझ्या कॅनव्हासच्या बुटांतून मोज्यांपर्यंत पोचलं होतं. आमचे आठ वर्षांचे चिरंजीव पहिल्यांदाच बेसबॉलचा खराखुरा युनिफॉर्म घालून उतरले होते. शर्ट गुडघ्याला टेकत होता आणि टोपी डोळ्यांवर येत होती. कोच हातातल्या कागदावर बघून एकेकाला जागा सांगत होता. आमच्या वाट्याला राइट फील्ड आलं, म्हणजे फलंदाजाकडून बघताना उजवीकडचा लांबचा कोपरा. तो पळत सुटला, इतका लांब की कोचला हाका मारून त्याला चार पावलं मागं बोलवावं लागलं. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतत बायकोला म्हणालो, "राइट फील्ड म्हणजे आपल्या लिंबूटिंबूची जागा." ती हसली, मीही हसलो. मराठीत बोलतोय म्हणजे कुणाला कळत नाही, हा इथं राहून जडलेला माज. मागं वळून बघितलं तर पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आलेले चिरंजीव माझ्या पाठीशी उभे. बाटली घेतली आणि गेला. सामनाभर त्याच्याकडं एकच चेंडू आला, तेव्हा तो पाठमोरा उकिडवा बसून गवतातली पांढरी फुलं तोडत होता.

घरी येताना मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, लिंबूटिंबू म्हणजे काय?" मी म्हणालो, "लहान लिंबू असतं ना, तसं." "मग टिंबू म्हणजे काय?" मी आरशात बघायचं टाळलं आणि म्हणालो, "ते आपलं असंच."

ते "असंच" पुढं आठवडाभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं राहिलं. जिभेला लागत होतं, निघत नव्हतं.

कारण लिंबूटिंबू म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मिरजेला आमच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट चालायचं, तिथला मी मान्यताप्राप्त लिंबूटिंबू होतो. वयानं लहान, अंगानं किरकोळ आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारा. दोन्ही बाजूंचे कॅप्टन खेळाडू वाटून घ्यायचे आणि शेवटी मी उरलो की "हा दोन्हीकडं" असा निकाल व्हायचा. दोन्हीकडं म्हणजे कुणाकडंच नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत. माझी जागा ठरलेली, गटारीच्या पलीकडं, शेजारच्या काकूंच्या परसाच्या भिंतीला लागून. चेंडू परसात गेला तर भिंतीवर चढून आणायचा, गटारीत पडला तर काडीनं काढून मातीत घोळवून द्यायचा. बाकी वेळ उभं राहायचं. भिंतीवर शेवाळ असायचं, त्याचा ओला वास, काकूंच्या तापणाऱ्या बंबाचा धूर, आणि लांबून जंक्शनच्या यार्डात शंटिंग करणाऱ्या इंजिनाच्या शिट्ट्या. मालगाडी निघाली की मी डबे मोजायचो. एकदा असाच मोजत असताना माझ्याकडं उंच झेल आला. सगळे ओरडले, मी वर बघितलं आणि चेंडू माझ्या मागं भिंतीवर आपटून परत माझ्याच पायाशी आला. बॉलिंग करणाऱ्या दादानं कमरेवर हात ठेवले, एक श्वास सोडला आणि म्हणाला, "राहू दे. लहान आहे तो."

शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

अमेरिकेतल्या गल्लीबोळात राइट फील्डचं नशीब हुबेहूब तेच. बहुतेक मुलं उजव्या हातानं खेळतात, त्यांचे जोराचे फटके डावीकडं जातात, म्हणून उजवा कोपरा कोरडा राहतो आणि ज्याच्या हातून चेंडू सुटायची खात्री आहे त्याला तिकडं पाठवतात. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये मात्र हे सगळं उलटं होतं. तिथं राइट फील्डला उभा राहणाऱ्याचा हात आउटफिल्डमधल्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागातल्या, तिघांत सगळ्यात ताकदीचा लागतो, कारण त्याला तिसऱ्या बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या ठाण्यांपैकी तिसऱ्यावर) फेक करायची असते आणि त्या जागेवरून तिसरा बेस सगळ्यात लांब. आणि नेमक्या आमच्या या गावात, सिॲटलमध्ये, त्या कोपऱ्यात जो माणूस वर्षानुवर्षं उभा राहिला त्याच्याबद्दल मी माझ्या पोराला अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. लिंबूटिंबू तेवढं ऐकवलं.

मी इथं आलो २००९ साली. बेसबॉलची अक्कल शून्य. षटकार-चौकारांवर पोसलेल्या डोळ्यांना तो खेळ म्हणजे नुसता खोळंबा वाटायचा. ऑफिसातल्या एकानं तिकीट दिलं, वरून म्हणाला, "काही कळलं नाही तर फक्त एक्कावन्न नंबरकडं बघत बस." एक्कावन्न! मला आधी आहेराचं पाकीटच आठवलं. तो एक्कावन्न नंबर म्हणजे इचिरो सुझुकी. जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव संघाकडून सलग 7 वर्षं फलंदाजीचं विजेतेपद मिळवून २००१ मध्ये इथं आलेला. इतका सडपातळ माणूस या दांडगटांच्या खेळात करतो काय, अशी शंका तेव्हा पुष्कळांनी घेतली होती म्हणे. पहिल्याच हंगामात त्यानं 242 हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की एक हिट) मारल्या आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वात मौल्यवान खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी घेतले. २००४ मध्ये तर 262. जॉर्ज सिस्लर नावाच्या खेळाडूचा १९२० सालचा 257 चा विक्रम 84 वर्षांनी मोडला. त्यापुढं मला जास्त भावलं ते हे की त्या 262 मधल्या 225 नुसत्या एकेरी होत्या. चेंडू ढकलायचा आणि पळायचं. काही चेंडू तर धड लांबही जायचे नाहीत, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, आसपास घुटमळायचे, आणि तोवर हा पहिल्या बेसवर. आपल्याकडं चोरटी धाव म्हणतात तसं. मुळात उजव्या हाताचा मुलगा, पण डावखुरा फलंदाज पहिल्या बेसला दोन पावलं जवळ उभा राहतो म्हणून लहानपणीच त्याला डाव्या बाजूनं बॅट धरायला लावलेली. होम रन मारत नाही म्हणून नाकं मुरडणारेही होते. मिरजेच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर त्यांना बसवलं असतं तर एकेरी-दुहेरीचं मोल त्यांना तासाभरात समजलं असतं.

पण फलंदाजी सामन्यातून चार-पाच वेळा. उरलेले दोन-अडीच तास तो करतो काय? माझं तिकीट स्वस्तातलं, राइट फील्डच्या मागचं, त्यामुळं मला त्याचा चेहरा कमी आणि पाठ जास्त दिसायची. लसणीच्या फ्राइजचा वास, डोक्यावरचं सरकतं छप्पर, स्टेडियमला लागून जाणारा रेल्वेमार्ग. मालगाडीची शिट्टी झाली की सगळं स्टेडियम क्षणभर मिरज होऊन जायचं. पुढं तो माणूस. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो कधी उकिडवा बसायचा, कधी गुडघ्यांवर हात ठेवून आधी एक खांदा आत वळवायचा, मग दुसरा. कधी पाय फाकवून कमरेत वाकायचा. पिचर हात उचलायच्या आत मात्र टाचा वर आलेल्या असायच्या. दर चेंडूला. मी एकदा मुद्दाम मोजायला लागलो आणि मध्येच कंटाळलो. तो कंटाळला नव्हता. चेंडू दुसरीकडं गेला की टाचा खाली, परत तेच. कुंपणाच्या आत मातीचा एक पट्टा असतो. डोळे वर चेंडूकडं असताना गवत संपून पायाखाली खरखर लागली की समजायचं, भिंत जवळ आली. इचिरो ती खरखर ओळखायचा आणि थांबण्याऐवजी भिंतीवर चढायचा. २००५ मध्ये गॅरेट अँडरसनचा पलीकडं चाललेला फटका त्यानं कुंपणावर पाय रोवून असा परत आणला होता. शेवाळाच्या भिंतीवर मीही चढायचो, पण ते चेंडू गेल्यावर.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात दिसली. लांब डावीकडं कुणीतरी चेंडू अडवून पहिल्या बेसकडं फेकतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तिथला माणूस तो पकडतो आणि सगळे डोळे तिथंच असतात. त्या वेळी राइट फील्डमधून एकजण पहिल्या बेसच्या मागच्या बाजूला पळत येत असतो. फेक चुकून सुटलीच तर चेंडू अडवायला. फेक सुटत नाही. तो वळतो आणि आपल्या जागी परत चालायला लागतो. या पळण्याची नोंद धावफलकावर कुठंच होत नाही.

त्याच्या हाताला काय किंमत होती ते ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये कळलं. अमेरिकेतला पहिला हंगाम सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. त्या दिवशी तो सुरुवातीच्या संघातही नव्हता, उत्तरार्धात बदली म्हणून उतरला होता. राइट फील्डला साधी हिट आली आणि पहिल्या बेसवरचा टेरेन्स लाँग तिसऱ्यापर्यंत जायचं ठरवून पळाला. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, त्या जागेवरून तो बेस बहुधा मिळतोच. इचिरोनं चेंडू उचलला, एक उडी आणि फेक. फीत आजही सहज बघायला मिळते. चेंडू वर जातच नाही, कुणी दोरी ताणावी तसा सरळ तिसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये येतो आणि लाँग त्यावर घसरत येऊन बाद होतो. समालोचकांचा आवाज फाटतो. फीत पाहताना माझं लक्ष दर वेळी फेकीनंतरच्या क्षणाकडं जातं. तो टोपी नीट करतो, बस्स.

हे कुठून येतं, हे शोधायला गेलं की जरा अवघड जागी पोचायला होतं. जपानच्या आइची प्रांतातलं तोयोयामा हे त्याचं गाव. वडील नोबुयुकी रोज दुपारी त्याला सरावाला न्यायचे आणि मग विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरवर मशीनचे चेंडू. सहावीतल्या निबंधात त्यानं लिहून ठेवलंय की तिसरीपासून वर्षातले 360 दिवस मी कसून सराव करतो आणि मी पहिल्या दर्जाचा व्यावसायिक खेळाडू होणार. हा निबंध जपानी मुलांना कौतुकानं दाखवतात. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा गहिवरलो होतो. नंतर वाचनात आलं की मोठेपणी इचिरोनंच त्या दिवसांबद्दल सांगितलं, तो सराव छळाच्या जवळ जाणारा होता आणि मी फार सोसलं. बापलेकांचं पुढं जमलं नाही. नावात "इचि" म्हणजे एक असूनही घरातला दुसरा मुलगा, आणि बापाची सगळी भिस्त त्याच्यावर. एक बाप पोराला 360 दिवस मैदानावर नेतो, दुसरा बाप पहिल्याच दिवशी चहा पीत लिंबूटिंबू म्हणून मोकळा होतो. या दोघांच्या मधली जागा कुठं असते, आणि तिथं उभं राहायचं कसं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. इचिरोच्या वडिलांवर मला रागही येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटतो. त्यांना एवढी खात्री होती तरी कशाची?

(जाता जाता एक. सिॲटलमध्ये कित्येक वर्षं घरच्या सामन्याआधी तो बायकोच्या हातची करी-भातच खायचा. विलायतेवरून वळसा घालून जपानला पोचलेली ती करी पाहून आपण ओळख दाखवायची की नाही हा प्रश्नच आहे, पण माझ्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग, आमटी-भातावर माणूस पळतोच.")

२३ जुलै २०१२. सोमवार होता, पुन्हा ऑफिसचंच तिकीट. न्यूयॉर्कचा यँकीज संघ खेळायला आला होता. दुपारी बातमी फुटली की इचिरोला त्याच यँकीजना देऊन टाकलंय, त्यानंच तशी विनंती केली होती. म्हणजे संध्याकाळी तो खेळणार, त्याच मैदानावर, फक्त समोरच्यांकडून. मी पोचलो तेव्हा बाहेर लोक एक्कावन्नचे शर्ट घालून गोंधळल्यासारखे उभे होते. लग्नाघरी पोचावं आणि मुलगी केव्हाच सासरी गेलेली असावी, तसं काहीसं. तो आला तो पाहुण्यांच्या करड्या कपड्यांत, पाठीवर 31. राइट फील्डच्या कठड्यावर एक चाहती वर्षानुवर्षं त्याच्या हिट्सचा आकडा फलकावर लावायची. त्या संध्याकाळी माझे डोळे पुनःपुन्हा तिकडंच जात होते. तो त्याच्याच गवतावर जाऊन उभा राहिला. तेच खांदे वळवणं, तेच उकिडवं बसणं. गवताला काय कळतंय कपडे कुणाचे आहेत ते. तिसऱ्या इनिंगमध्ये बॅट घेऊन आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं. त्यानं हेल्मेट काढलं, एका बाजूला कमरेत वाकून नमस्कार केला, मग वळून दुसऱ्या बाजूला. मग हेल्मेट घातलं, बाही चिमटीनं ओढली, बॅट पिचरसमोर उभी धरली आणि एकेरी हिट मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण विरुद्ध संघासाठी टाळ्या वाजवतोय हे लक्षात येऊन एकमेकांकडं बघून हसले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे पुसून संपत नव्हते. मी मुंबईहून पुण्याला बदली झाल्यासारखा कोरडा बसलो होतो आणि घरी येऊन विनाकारण आईला फोन लावला.

पुढचं भराभर सांगता येतं. न्यूयॉर्क, मग मायामी, ऑगस्ट २०१६ मध्ये डेन्व्हरला तिहेरी फटक्यानं 3,000 वी हिट, २०१८ मध्ये परत सिॲटल. मे महिन्यात क्लबनं त्याला खेळाडूंतून काढून सल्लागार केलं. सामन्याआधी सराव करायचा, पण सामना सुरू झाल्यावर डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, बसायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला पुन्हा "दोन्हीकडं" केलं म्हणायचं. जूनमध्ये यँकीजच्या मैदानावर तो खोट्या मिशा लावून, डोक्यावर टोपडं ओढून गुपचूप डगआउटमध्ये येऊन बसला होता. सगळे हसले. मीही हसलो, पण त्या मिशांचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवून दिलाय तो काही विनोद म्हणून नाही.

२१ मार्च २०१९ चा तोक्यो डोममधला सामना आमच्याकडं पहाटे होता. पोराला दात येत होते, तो झोपेना, म्हणून त्याला मांडीवर घेऊन आवाज बंद करून मी बघत बसलो. इचिरो 45 वर्षांचा. त्या दोन दिवसांत त्याला एकही हिट मिळाली नाही. आठव्या इनिंगमध्ये तो क्षेत्ररक्षणाला पळत राइट फील्डला गेला. जागेवर पोचला. आणि मग त्याला परत बोलावलं. चेंडू आलाच नाही. तो चालत परत आला, एकेकाला मिठी मारत, आणि डगआउटमध्ये त्याच्याच देशाचा तरुण पिचर किकुची रडत होता. मांडीवरचा पोरगा तेवढ्यात झोपला होता. सामना बारा इनिंग चालला. संपून किती तरी वेळ झाला तरी लोक जागचे हलेनात, तेव्हा तो एकटा बाहेर येऊन मैदानाला फेरी मारून गेला. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, 394 पैकी 393 मतांनी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या पंगतीत, गेला. इथल्या 3,089 आणि जपानमधल्या धरून 4,367 हिट्स. ज्या एकानं मत दिलं नाही त्याला त्यानं घरी प्यायला बोलावलं. पण मला विचाराल तर त्याची सगळी कारकीर्द त्या आठव्या इनिंगमधल्या जाण्यायेण्यात होती.

तर बडीशेप. गुरुवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. आमचे चिरंजीव माझ्या हातातून फोन ओढून म्हणाले, "आज्जी, लिंबूटिंबू म्हणजे काय?" मी स्वयंपाकघरात गॅसपाशी होतो, तिथंच थिजलो. आई क्षणभर गप्प राहिली. तिनं वाड्याच्या मागच्या खिडकीतून माझी ती भिंतीलगतची वर्षं बघितलेली आहेत. मग म्हणाली, "अरे, लिंबूटिंबू म्हणजे ज्याला कुणी आउट करू शकत नाही तो." हे खोटं नाही. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, त्याला बाद धरत नाहीत, हा नियमच आहे. पण मी तो नियम जन्मात कधी या बाजूनं वाचला नव्हता. ही तिनं नुसती त्याची समजूत काढली, का मलाही तेव्हा असंच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात पोरगा घरभर "आय ॲम लिंबूटिंबू" ओरडत पळत सुटला आणि आईनं विषय बदलून मोहोर गळाला म्हणून सांगायला सुरुवात केली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच ओलं गवत, तोच कागद हातात घेतलेला कोच, पुन्हा राइट फील्ड. चिरंजीव पळत गेले. पहिल्या इनिंगमध्ये फुलं, दुसऱ्यात फुलं. तिसऱ्यात लांब डावीकडं कुणीतरी चेंडू अडवला आणि पहिल्या बेसकडं फेकला. सगळ्या आयाबापांच्या माना तिकडं वळल्या. शर्ट गुडघ्यांत अडकत असलेलं एक पोरगं राइट फील्डमधून टोपी धरून पहिल्या बेसच्या मागं पळत येत होतं. बेसवरच्या मुलीनं चेंडू पकडला. टाळ्या झाल्या. तो थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि वळून चालायला लागला.

"हा तिकडं कशाला पळाला?" बायकोनं विचारलं.

"चेंडू सुटला असता तर."

"सुटला?"

"नाही," मी म्हणालो आणि थर्मासचं झाकण शोधायला लागलो.